चौकातला धडा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चौतीस वर्षे शाळेत शिकवून मी निवृत्त झाले. आज मात्र शिकवायला नव्हे, तर फार उशिरा शिकलेला एक धडा सांगायला उभी आहे.

माझी लेक अमेरिकेत लिट्ल रॉक येथे शिक्षिका आहे. तिच्याकडे गेले असता एके दिवशी ती वर्गातील मुलांना तिथल्या विधानभवनाच्या आवारात घेऊन निघाली. मीही गेले. तेथे २००५ साली नऊ विद्यार्थ्यांचे ब्राँझचे पुतळे बसविले आहेत. सहा मुली, तीन मुलगे.

लेकीने आधी काहीच सांगितले नाही. "पाच मिनिटे नुसते पाहा. किती जण आहेत? त्यांच्यासमोर काय आहे?" मुलांनी वळून पाहिले. समोर गव्हर्नरांच्या कचेरीची खिडकी होती!

मग तिने हकीकत सांगितली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. १९५७ साली ही नऊ काळी मुले गोऱ्यांच्या सेंट्रल हायस्कुलात निघाली, तेव्हा गव्हर्नर फॉबस यांनी सैनिक उभे करून त्यांना अडविले. अखेर अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी लष्कर पाठविले आणि त्या पहाऱ्यात मुले वर्गात गेली.

शेवटी तिने एलिझाबेथ एकफर्ड हिचे छायाचित्र दाखविले. पंधरा वर्षांची पोर. घरी फोन नव्हता, म्हणून सर्वांनी मिळून जायचे हा निरोप तिला पोचलाच नाही. एकटीच आली, मागे ओरडणारा जमाव.

"तुम्ही तिथे असता तर कुठे उभे राहिला असता?"

"तिच्या बाजूला!" सारी एकदम म्हणाली.

"मग चित्रात तिच्या बाजूला कोणीच का नाही?"

मुले गप्प झाली. मीही गप्प झाले.

कारण मला माझ्या पहिल्या शाळेतला माठ आठवला. एका मुलीला त्याला हात लावू देत नसत. दुसरी कोणी वरून ओंजळीत पाणी ओती. मी रोज पाहत होते. त्याच वर्गात सावित्रीबाईंचा पाठ मी मोठ्या तन्मयतेने शिकवीत होते!

परत आल्यावर आपल्या बालवर्गाला घेऊन मी चौकातील बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी गेले. हातात काय आहे, बोट कुठे आहे, हे मुलांनाच विचारले. मग १९२७ सालचा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह सांगितला, आणि माझ्या शाळेतला माठही सांगितला.

एका चिमुरडीने विचारले, "बाई, तुम्ही का नाही बोललात?"

"भ्याले, बाळ," मी म्हटले. दुसरे खरे उत्तर नव्हते.

भगिनींनो, पुतळ्याला आपण वर्षातून एकदा हार घालतो. एखादे दिवशी तिथे मुलांनाही न्या. त्यांना पाहू द्या, विचारू द्या. आणि प्रश्न आपल्यावर आला, तर खरे उत्तर द्या.