घरच्या संगणकाची किल्ली घरातच हवी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी.ए., बी.एड. झालेला भाषेचा शिक्षक आहे. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही आज मी संगणकाविषयी चार शब्द बोलणार आहे, कारण या बाबतीतल्या अज्ञानाची किंमत मी स्वतः मोजलेली आहे. ती आपणांपैकी कुणाला मोजावी लागू नये, एवढाच माझा हेतू आहे.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा मी घाटकोपरला एक जुना लॅपटॉप विकत घेतला. त्यावर वर्ग घेतले, प्रश्नपत्रिका तयार केल्या. त्याच काळात माझे मरहूम वडील संध्याकाळी माझ्याजवळ बसून श्रीवर्धन तालुक्यातील आमच्या गावाच्या आठवणी सांगत. कोणत्या शेताला काय नाव, कोणती विहीर कुणी बांधली, बोटीवर गेलेला कुणाचा मुलगा परत आलाच नाही, हे सारे मी त्यांच्या आवाजात, आमच्या कोकणी बोलीत, लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांनी एके दिवशी लॅपटॉप सुरू होईना. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटत आणि सारे तिथेच थांबे. मी तो दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "सर, फॉरमॅट मारावा लागेल. चालेल ना?" मी मान डोलावली. त्या शब्दाचा अर्थ विचारायची मला, शिक्षक असून, लाज वाटली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नव्यासारखा होऊन परत आला. आत मात्र काहीही उरले नव्हते.

मी दुकानदाराला दोष देत नाही. त्याने विचारले होते. न समजता होकार मी दिला होता. पण पुढे मला जे कळले त्याने दुःख अधिकच वाढले. त्याच हार्ड डिस्कवर लॅपटॉप पुन्हा सुरळीत चालू लागला, याचा अर्थ डिस्क धडधाकट होती. बिघडली होती ती ऑपरेटिंग सिस्टीम. वडिलांचा आवाज बहुधा आत शाबूत होता आणि तो अर्ध्या तासात बाहेर काढता आला असता. त्यासाठी लागणारे साधन म्हणजे एक साधा पेन ड्राइव्ह!

ही गोष्ट नीट समजावून घेऊ. शाळेच्या किल्ल्या शिपायाजवळ असतात. शिपाई आजारी पडला तर शाळा उघडत नाही. पण म्हणून आतले बाक आणि मुलांच्या वह्या नाहीशा होत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम हा संगणकाचा शिपाई आहे. तो आजारी पडला तर दुसरा शिपाई आणून दार उघडावे, सामान सुरक्षित जागी हलवावे आणि मग हवी ती दुरुस्ती करावी. बूट होणारा पेन ड्राइव्ह म्हणजे हा दुसरा शिपाई.

संगणकाचे बटण दाबताच त्याच्या मुख्य पाटीवरील एका चिपमधला लहानसा प्रोग्राम जागा होतो. ऑपरेटिंग सिस्टीम कोठे कोठे शोधायची याची क्रमवार यादी त्याच्याजवळ असते. नेहमी तो हार्ड डिस्ककडे जातो. आपण त्याला सांगितले, की आज आधी पेन ड्राइव्हकडे जा, तर तो तसे करतो.

आता कृती सांगतो. विद्यार्थ्यांनी ही वहीत लिहून घ्यावी.

पहिली गोष्ट, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातील सर्व मजकूर पुसला जाणार आहे, म्हणून तो रिकामा असावा. दुसरी गोष्ट, नातेवाइकाकडील किंवा शेजाऱ्याकडील एखादा चालू संगणक वापरून ऑपरेटिंग सिस्टीमची फाइल उतरवून घ्या. तिला आयएसओ फाइल म्हणतात. ती मूळ निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. पदपथावरच्या स्वस्त प्रतीत काय मिसळले आहे हे कुणी सांगू शकत नाही. माझ्या अनुभवात सुरुवातीला लिनक्स मिंट घेणे सोयीचे. ते विनामूल्य आहे आणि त्याचा एक मोठा गुण मी पुढे सांगणार आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. बहुतेकजण येथेच फसतात. मीही फसलो होतो. आयएसओ ही बांधलेली पेटी आहे. ती उघडून आतल्या वस्तू ठरावीक जागी मांडाव्या लागतात, तरच संगणकाला सुरुवात कोठून करायची ते सापडते. हे काम रुफस नावाचा छोटा विनामूल्य प्रोग्राम विंडोजवर करून देतो. त्यात पेन ड्राइव्ह निवडा, आयएसओ फाइल निवडा आणि 'स्टार्ट' दाबा. मात्र दाबण्यापूर्वी निवडलेल्या ड्राइव्हचे नाव व आकार दोनदा वाचा. संगणकाला दुसरी बाहेरची डिस्क जोडलेली असेल तर ती आधी काढून ठेवा, नाहीतर तीच पुसली जायची. काम पूर्ण होईपर्यंत पेन ड्राइव्ह उपटू नका.

चौथी गोष्ट, बिघडलेला संगणक पूर्ण बंद करून त्यात हा पेन ड्राइव्ह लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर जोडून ठेवा. बटण दाबताच ठरावीक कळ वारंवार दाबा. डेल व लेनोवोच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीत एफ ९. पडद्यावर यादी येते. तीतून पेन ड्राइव्ह निवडा.

आता मिंटचा तो गुण. ते हार्ड डिस्कला हात न लावता थेट पेन ड्राइव्हवरून चालते. पडदा उघडला, की फाइलींच्या खिडकीत आपली जुनी डिस्क दिसते. दुसरा पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून कागदपत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे तिच्यावर उतरवून घ्या. उतरवलेल्या दोन-चार फाइली उघडून खात्री करा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. डिस्कमधून खटखट आवाज येत असेल, तर रोग निराळा आहे. संगणक ताबडतोब बंद करून जाणकाराकडे न्या.

येथे एक सावधगिरी. काही लॅपटॉपांत विंडोज सारी माहिती कुलूपबंद ठेवते. या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ अंकी किल्ली नसेल तर कोणताही पेन ड्राइव्ह उपयोगाचा नाही. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. संगणक चांगला चालत असतानाच ती शोधून वहीत उतरवून ठेवा.

नक्कल हाती आल्यावरच नवी सिस्टीम बसवावी. मिंटच ठेवायचे असेल तर पडद्यावरच्या 'इन्स्टॉल' चिन्हापासून सुरुवात होते. विंडोज हवे असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील साधनाने तिचा वेगळा पेन ड्राइव्ह करावा. ज्या यंत्राबरोबर परवान्याचे विंडोज आले होते, त्यावर तीच आवृत्ती पुन्हा बसवली तर सहसा नवा परवाना लागत नाही. वाटेत 'डिस्क पुसू का?' अशा अर्थाचा प्रश्न येतो. तो आला की हात थांबवा आणि स्वतःला विचारा: नक्कल घेतली का?

पालकहो, हा विषय मी आजच का काढला, यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार संपवला. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून सुरक्षा-दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय त्या वेळी जाहीर झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आपल्या घरांत टाळेबंदीच्या काळात पोट मारून घेतलेली अनेक यंत्रे या अटींत बसत नाहीत. ती भंगारात घालायची काय? मुळीच नाही. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर मिंटची हलकी आवृत्ती आजही चालते, आणि मुलाचा अभ्यास, अर्ज भरणे, निबंध टंकणे ही कामे सुखाने होतात.

हे शिकायला दूर जायला नको. अंधेरी आणि मुलुंडच्या मधोमध, पवईला, आय.आय.टी. मुंबई आहे. तेथील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स व इतर मुक्त प्रणालींचे छोटे-छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत. ते विनामूल्य आहेत. ज्या विद्यार्थ्याला इंग्रजी जड जाते त्याने तेथून सुरुवात करावी.

विद्यार्थी मित्रहो, लिनक्सचा आरंभ १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने केला. ज्या यूएसबी खाचेत तुम्ही पेन ड्राइव्ह लावता, ती घडवणाऱ्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. १९९६ साली तिची पहिली आवृत्ती आली. दोघेही कधीकाळी तुमच्यासारखेच बाकावर बसत होते. आणि हे काम फक्त मुलांचे, असे कुणी समजू नये. गेल्या वर्षी आमच्या नववीतील एका मुलीने असाच पेन ड्राइव्ह तयार करून आईचा बंद पडलेला संगणक उघडला. आई घरी शिवणकाम करते. दोन वर्षांची गिऱ्हाइकांची मापे आणि उधारी त्यात होती. सारे परत मिळाले. मी शेजारी उभा होतो, पण कळ तिनेच दाबली.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक घरात असा एक पेन ड्राइव्ह तयार करून, वर चिठ्ठी चिकटवून, कपाटात ठेवावा. महत्त्वाच्या फाइलींची एक नक्कल संगणकाबाहेर असावी. आणि कुणी न समजणारा शब्द उच्चारला तर न लाजता विचारावे, "याचा अर्थ काय? माझे आतले काय जाईल?" हा एक प्रश्न मी त्या दिवशी विचारला असता तर आमच्या गावातील विहिरींची नावे आज माझ्या मुलांना त्यांच्या आजोबांच्या तोंडून ऐकता आली असती.