डोंगराचा फेरा



मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. भाचीकडे अमेरिकेत गेले, तेव्हा मेन राज्यातले अकेडिया उद्यान पाहिले, तेवढे सांगते. हे १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले. अकेडिया हे नाव १९२९ सालचे. तिथे डोंगर थेट समुद्राकाठी उभे आहेत.

त्यांतला ‘बीहाइव्ह’ दिसायला मधमाश्यांच्या पोवासारखा. उंची अवघी ५२० फूट. पण उभ्या कातळात ठोकलेल्या लोखंडी कांबी धरून चढायचे. खाली पाहिले की समुद्र! आमचे ‘हे’ म्हणाले, “तू खालीच बस.” मी म्हटले, “माहेरी विहिरीचे पाणी ओढलेले हात आहेत हे. कांब सुटायची नाही.” आणि चढले.

त्या वाटेने उतरू मात्र नये. पाय कुठे टेकवावा ते दिसत नाही, शिवाय चढणाऱ्यांची अडचण होते. म्हणून माथ्यामागे ‘बोल’ नावाचे तळे आहे, तिकडून उतरून फेरा पुरा करतात.

जवळच ‘प्रेसिपिस’ ही त्याहून अवघड वाट. बहिरी ससाणे कड्यावर घरटी करतात, म्हणून ती वसंतापासून बहुधा ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद असते. पाखराच्या बाळंतपणाला एवढी सवड! मला आपल्याकडच्या, सव्वा महिना होण्याआधीच चुलीशी बसलेल्या बाळंतिणी आठवल्या.

भगिनींनो, ओल्या कातळावर हट्ट करू नये. पण कोरड्या दिवशी, कुणी ‘बस’ म्हटले म्हणून बसूही नये.