पिंप उघडल्याशिवाय सही नाही



संमेलनाचं अध्यक्षपद आपल्याकडे कसं आलं, याचा नम्र खुलासा अध्यक्षाने सुरुवातीला करायचा असतो. मी तो एका वाक्यात आटोपते. पस्तीस वर्षं मी औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, काढली, आणि आमच्या खात्याला व्यासपीठावर सहसा कुणी बोलावत नाही. काही बिघडलं तरच आमची आठवण होते. आज काही न बिघडता बोलावलंत, त्याबद्दल आभार.

मुकाई चौकातून इकडे येताना एक गोष्ट मनात आली. आपण बसलोय त्या रावेतमधला पवनेचा बंधारा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तिथून उचललेलं पाणी निगडीला सेक्टर 23 मध्ये जातं, तिथे शुद्ध होतं आणि मग पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. त्या केंद्रात कुणीतरी रोज नमुना घेतं, क्लोरीन बघतं, वहीत आकडा लिहितं. त्या माणसाचं नाव आपल्यापैकी एकालाही ठाऊक नाही. मी आज बोलणार आहे ते त्याच्या जातकुळीच्या माणसांबद्दल.

पण आधी थोडं आपल्या गावाचं कौतुक, कारण ते आपण करत नाही. बाहेरच्यांना हा पट्टा म्हणजे मोटारी आणि सुटे भाग एवढंच माहीत असतं. चाकणला चाकं जुळवायला लागण्याच्या कितीतरी आधी, 1954 मध्ये, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आपल्या तोंडी ती ‘एचए’. सरकारी क्षेत्रातला देशातला हा पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हात दिला आणि 1955 मध्ये इथल्या टाक्यांमधून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. नुसतं बाहेरचं तंत्र आणून चालवलं असं नाही, तर तिथे संशोधनही झालं. तिथले शास्त्रज्ञ थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं औषध काढलं. 1961 ची ही गोष्ट. औषधाचं नाव हॅमायसिन, आणि त्या सूक्ष्मजीवाचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंप्रिना, म्हणजे आपली पिंपरी. त्याच जीवापासून मिळालेल्या आणखी एका रसायनाला पिंप्रिनिन म्हणतात. जगातले रसायनशास्त्रज्ञ ते नाव आजही निबंधांत लिहितात आणि ते एका रेल्वे स्टेशनचं नाव आहे हे त्यांना माहीत नसतं. आपल्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे? हात वर करायला सांगत नाही, संकोच होईल.

पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. कारखाना आजारी पडला, पगार थकले, जमीन विकायचे निर्णय झाले. आणि ज्या पेनिसिलिनसाठी हे गाव नावाजलं, त्याचा मूळ माल, पेनिसिलिन-जी, आपला देश चीनकडून घेत बसला, कारण तो स्वस्त पडत होता. 2020 मध्ये सरकारने उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन जाहीर केलं, आणि 2024 मध्ये आंध्रातल्या काकीनाड्याला अरबिंदो समूहाच्या कारखान्यात ते पुन्हा मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. आनंदच आहे. पिंपरीचं माणूस म्हणून घशात थोडं अडकतं, इतकंच.

आता माझी गोष्ट. 1986. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. भोसरीकडची एक छोटी कंपनी, सिरप करणारी. नाव सांगत नाही, आता ती नाहीही. ग्लिसरीनची पिंपं यायची, सोबत पुरवठादाराचा सीओए, म्हणजे त्याचं तपासणी-प्रमाणपत्र. पद्धत अशी होती की पिंपावर पिवळं लेबल लावायचं, नमुना काढायचा, ओळख-चाचणी करायची, मग हिरवं किंवा लाल. प्रत्यक्षात महिनाअखेर असला की साहेब दारात उभे राहून म्हणायचे, “अगं, जुनाच पुरवठादार आहे. सीओए बघ आणि सोड.” मी सीओए बघत होते आणि सोडत होते. वहीत मात्र ‘तपासले, अनुरूप’ असं लिहून खाली सही.

जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात माणसं दगावू लागल्याच्या बातम्या आल्या. मेंदूतला आणि डोळ्यातला दाब उतरवायला रुग्णांना ग्लिसरीन पाजतात. ते ग्लिसरीन डायइथिलीन ग्लायकॉलने, म्हणजे डीईजीने, भेसळलेलं होतं. 14 माणसं गेली. पेपर वाचला आणि मी दुपारीच गोदामात गेले. मी सोडलेली तीन पिंपं शिल्लक होती. संध्याकाळपर्यंत तिन्हींचे नमुने काढले, प्लेटी चालवल्या. तेव्हा आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ कुठला? टीएलसीची, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची, प्लेट, काचेची टाकी आणि आयोडीनची बरणी. शेजारी शेजारी ठिपके द्यायचे, एक शुद्ध ग्लिसरीनचा, एक डीईजीचा, एक आपल्या मालाचा. द्रावक वर चढतं, ठिपके आपापल्या उंचीला थांबतात. प्लेट बरणीत ठेवली की ते तपकिरी होतात. आमच्या मालाचा ठिपका ग्लिसरीनच्या ओळीतच होता. डीईजीच्या उंचीवर काही नव्हतं. तिन्ही पिंपं चांगली निघाली.

साहेब म्हणाले, “बघ, उगाच घाबरलीस.” सगळे घरी गेले. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि का लागली नाही हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. माल चांगला होता, पण तो चांगला आहे हे सही करताना मला माहीत नव्हतं. म्हणजे माल खरा होता आणि माझी सही खोटी होती. जे. जे.च्या साखळीतही बरेच जण मनाने वाईट नसणार. त्यांच्याही हातात जुना पुरवठादार आणि एक कागदच असेल.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने ती साखळी कडी-कडीने उलगडली. खरेदी, परवाने, औषध प्रशासन, मंत्रालय, कुणालाच सोडलं नाही. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. हा अहवाल औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात सक्तीचा असावा असं मला वाटतं. निदान फार्माकोग्नोसीतली दोन पानं कमी करून.

डायइथिलीन ग्लायकॉल म्हणजे काय, हे चाकणकरांना सांगायला नको. ब्रेक ऑइल, कूलंट, रेझिन, रंग, सगळीकडे ग्लायकॉल. दिसायला पारदर्शक, जरा घट्ट, चवीला गोड. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि हे, तिघांची बाटली समोर ठेवली तर मलाही डोळ्यांनी ओळखता येणार नाही. व्यापारी एकच, टँकर एकच, कधी कधी पिंपही तेच, फक्त लेबल बदललेलं. पिंप डावीकडच्या कारखान्यात गेलं तर गाडीचा ब्रेक लागतो. उजवीकडे गेलं तर लहान मुलाची लघवी बंद होते. शरीरात त्याचं डायग्लायकोलिक आम्ल होतं आणि ते मूत्रपिंड मारतं.

अमेरिकेने हे 1937 मध्ये भोगलं, शंभराहून अधिक माणसं गेली, पुढच्याच वर्षी कायदा कडक झाला. आपण 1986 मध्ये भोगलं. 2022 मध्ये गांबियातल्या मुलांचे मृत्यू आपल्या देशात बनलेल्या सिरपशी जोडले गेले. आणि सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये छिंदवाड्याच्या परासियातली, पुन्हा सिरपच प्यायलेली लेकरं. आईबापांनी त्यांना घेऊन नागपूर गाठलं, कारण जवळचं मोठं शहर तेच. वीसहून अधिक मुलं गेली. त्या सिरपच्या एका बॅचमध्ये तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेला 48.6 टक्के डीईजी सापडलं. मर्यादा 0.1 टक्का. अवघड, सूक्ष्म, हुकण्यासारखी चाचणी म्हणता येईल का हिला? अर्धी बाटली विष होती. माझी 1986 ची आयोडीनची बरणी असती तरी सापडलं असतं. फक्त कुणीतरी पिंप उघडायला हवं होतं.

त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांना पत्र पाठवलं की कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासली जाते का ते पाहा. हा नियम नवा नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही होता. औषध उत्पादनाच्या निकषांचं सुधारित शेड्यूल एम डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालं. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना सहा महिने, लहानांना वर्ष, आणि ज्यांनी अर्ज केला त्यांना 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढीव मुदत. लहान उद्योजकांची अडचण मला समजते, मी त्यांच्याकडेच शिकले. हवा नियंत्रित ठेवणारी एचव्हीएसी यंत्रणा बसवायला पैसा लागतो, मान्य. पण पिंपाचं झाकण उघडायला पाना लागतो, आणि नाही म्हणणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभा राहणारा मालक लागतो. त्यासाठी मुदतवाढ कशाला हवी?

2023 च्या जनविश्वास कायद्याने औषध कायद्याच्या कलम 27 (ड) खालचे गुन्हे दंड भरून मिटवायची सोय केली. भेसळ आणि बनावट औषधं त्यात येत नाहीत, हे खरं. किरकोळ लेबल-चुकीसाठी कुणाला वर्षानुवर्षं कोर्टात खेचू नये, हेही खरं. पण आमच्या धंद्यात ‘किरकोळ’ हा शब्द कोण ठरवतो, याची मला धास्ती वाटते.

समोर औषधविक्रेते बसलेत, त्यांनाही सोडत नाही. 2014 पासून शेड्यूल एच-1 ची, म्हणजे निवडक प्रतिजैविकं वगैरेंच्या विक्रीची, वही आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध, मात्रा लिहायची आणि तीन वर्षं जपायची. एका दुकानात मी अशी वही पाहिली, दोन महिन्यांच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत, एकाच तिरप्या अक्षरात. रुग्णांची नावंही पाळीपाळीने तीच. हसलात? मीही तेव्हा हसले होते. मग लक्षात आलं की ही माझीच 1986 ची सही आहे, फक्त दुकानातली.

या वहीचा नव्या संशोधनाशी थेट संबंध आहे. संभाजीनगरला संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन आलं, न्यूमोनियावरचं, दिवसातून एकदा आणि तीनच दिवस. नवं प्रतिजैविक आणायला वर्षानुवर्षं लागतात. जंतूंपुढे ते निष्प्रभ व्हायला मात्र आपल्या गल्लीतली दोन-चार बेफिकीर दुकानं पुरतात. मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार-19 ही कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती उभी राहिली, ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली. हिंजवडीत, इथून हाकेच्या अंतरावर, जेनोव्हाने एमआरएनए लस बनवली. अभिमान वाटतो. पण नेक्सकारमध्ये तर रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, बदलून, त्यालाच परत द्यायच्या. तिथे पिशवीवरचं नाव चुकलं तर? शास्त्र जितकं पुढे जाईल तितकी ती लेबल लावणारी, सही करणारी मुलगी महत्त्वाची होत जाणार. तिचा पगार मात्र अजून मार्केटिंगच्या नवशिक्या पोरापेक्षा कमी असतो. हे वाक्य मी लिहून आणलं नव्हतं, पण आता बोलून गेले तर राहू द्या.

ठरावांच्या सत्रात माझी एकच सूचना आहे. या पट्ट्यातल्या लहान सिरप उत्पादकांसाठी ग्लायकॉल तपासणीची एक सामायिक प्रयोगशाळा उभी करावी, आणि तिने ‘रिजेक्ट’ दिलेल्या मालाची माहिती पुरवठादाराच्या नावासह सगळ्या सभासदांना त्याच दिवशी कळावी. आज एका कारखान्याने नाकारलेलं पिंप संध्याकाळी दुसऱ्या कारखान्याच्या फाटकावर उभं असतं. ते थांबवायला कायद्यात बदल लागत नाही, आपसात फोन पुरतो.

जेवणानंतर मागच्या दालनात आमच्या दोन विद्यार्थिनी तुमच्यासमोर टीएलसीची प्लेट चालवणार आहेत. एक ठिपका ग्लिसरीनचा, एक डीईजीचा, एक त्यांनी बाजारातून आणलेल्या नमुन्याचा. निकाल काय येईल हे त्यांनाही माहीत नाही, मी मुद्दाम आधी करू दिलं नाही. चाळीसेक मिनिटं लागतील. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका, ठिपका लांबून दिसत नाही.