पिलाच्या पोटांतील वस्ती

अंडीं विकत घेतांना गृहिणी एकेक अंडें हातांत घेऊन पाहते, क्वचित् उजेडापुढेंहि धरते. तें घालणाऱ्या कोंबडीच्या आंतड्यांत काय चाललें आहे, हा विचार मात्र तिच्या मनांत सहसा येत नाहीं.

अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाचें आंतडें जवळजवळ निर्जंतुक असतें. आईच्या मागोमाग उकिरडा उकरणारें पिलूं तिच्या विष्ठेंतले निरुपद्रवी जंतु नकळत गिळतें, आणि तेच त्याच्या पोटांत वस्ती करितात. यंत्रांत उबविलेल्या पिलाला आईच नसते. त्याचें आंतडें म्हणजे ओसाड वाडा. जो प्रथम शिरेल तो धनी. साल्मोनेला नांवाचा जंतु अशा वेळीं शिरला, तर पिलूं पुष्कळदां धडधाकट दिसतें आणि रोग माणसाच्या ताटांत येतो.

१९७१ सालीं फिनलंडमध्यें दूषित खाद्यांतून हा जंतु मांसासाठीं पाळलेल्या कोंबड्यांत फैलावला. तेथील नुर्मी व रांताला या संशोधकांनीं १९७३ मध्यें जो उपाय प्रसिद्ध केला, तो ऐकून श्रोत्यांपैकीं कोणी नाक मुरडल्यास नवल नाहीं. निरोगी प्रौढ कोंबडीच्या आंतड्यांतील द्रव्य त्यांनीं नवजात पिलांना पाजलें. पुढें मुद्दाम साल्मोनेला दिला, तरी तो बहुतेक पिलांत रुजला नाहीं. रुजणार कसा? चिकटावयास भिंत मोकळी नाहीं, खावयास अन्न उरलेलें नाहीं, आणि जुन्या रहिवाशांनीं निर्माण केलेलीं आम्लें त्याला जाचक!

याच्या आधींचीं सुमारें दोन तपें जग निराळ्याच वाटेनें चाललें होतें. ऑरिओमायसिन हें औषध करतांना उरलेला चोथा खाऊन पिलें झपाट्यानें वाढतात, हें अमेरिकेंत ज्यूक्स व स्टोकस्टॅड यांना दिसलें आणि १९५० मध्यें तें जगजाहीर झालें. तेव्हांपासून निरोगी जनावरांच्या खाद्यांत औषध मिसळण्याची चाल पडली. वजन वाढलें, नफा वाढला. पण अल्प मात्रेनें सगळे जंतु मरत नाहींत; जे औषधाला दाद देत नाहींत ते तगतात, आणि वंश त्यांचाच वाढतो. स्वीडननें ही चाल १९८६ मध्यें बंद केली, युरोपीय संघानें २००६ मध्यें. भारतानें २०१९ मध्यें कोलिस्टिन हें औषध पशुखाद्यांत वापरण्यास मनाई केली. तें उशिरां झालें, पण योग्य झालें. कारण इतर औषधें हरल्यावर इस्पितळांतील डॉक्टरांच्या हातीं जीं थोडीं औषधें उरतात, त्यांतलेंच तें एक.