विद्यापीठातील शोध : मालकी कोणाची?

(कोल्हापूर येथे प्राध्यापक व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठांत होणाऱ्या संशोधनाचे पेटंट घेऊन ते तंत्रज्ञान बाजारात कसे न्यावे, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचविले. मी अर्थशास्त्राचा निवृत्त शिक्षक. प्रयोगशाळेत माझे जाणे-येणे फारसे झाले नाही. तेव्हा माझी सुरुवात उसाच्या फडापासून केलेली बरी.

या जिल्ह्यात कोणत्याही रस्त्याने दोन कोस गेलात तर ‘को ८६०३२’ हा वाण तुम्हाला भेटेल. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत तो निपजला. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे. तेथे त्याची पारख झाली आणि १९९६ साली राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने तो ‘नीरा’ या नावाने महाराष्ट्रासाठी प्रसारित केला. पुढे २००७ साली पाडेगावनेच ‘फुले २६५’ दिला. साखर उताऱ्याची सबब सांगून काही कारखाने सुरुवातीला त्याची नोंद घेण्यास नाखूष होते. परंतु क्षारपड रानात तो तग धरतो हे शेतकऱ्याने स्वतः पाहिले आणि बेणे बांधावरून बांधावर गेले. या दोन्ही वाणांसाठी आमच्या शेतकऱ्याने कोणाला स्वामित्वधन मोजलेले नाही. बेणे शेजाऱ्याकडून आणले, लावले, आणि पुढच्या हंगामात पाव्हण्याला दिले.

आता आजच्या परिभाषेत विचारायचे तर हे संशोधन ‘बाजारात गेले’ की नाही? विद्यापीठाच्या जमाखर्चात त्याची मिळकत जवळजवळ दिसणार नाही. साऱ्या दक्षिण महाराष्ट्राच्या अर्थकारणात मात्र ती दिसते. उसाचे कांडे पुरले की ऊस येतो. बी दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. म्हणूनच खाजगी बियाणे कंपन्यांना उसात रस नाही, संकरित कापसात आहे. ज्या ज्ञानाची विक्री करता येत नाही ते निर्माण करण्याची जबाबदारी सरकारी पैशावर येते, हे केनेथ ॲरो यांनी १९६२ सालच्या आपल्या निबंधात सूत्रबद्ध रीतीने मांडले. पाडेगावच्या संशोधकांनी ते त्यापूर्वीच आचरणात आणले होते.

माझ्या समाजवादी मित्रांना एवढे ऐकून समाधान वाटेल, म्हणून लगेच दुसरी बाजू सांगतो. ज्ञान सर्वांचे, पेटंट नकोच, ही भूमिका ऐकायला उदात्त असली तरी पुरेशी नाही. कुंपण नसलेल्या रानात पहिल्याने शिरतो तो गरिबाचा बैल नव्हे. हळदीचेच पाहा. जखमेवर हळद लावणे हे आपल्या घराघरांतले ज्ञान. त्यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले आणि ते घेणारी संस्था कोणी औषध कंपनी नव्हती, मिसिसिपी विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवून घेतले. लढाई जिंकली खरी. पण प्रत्येक हळदीसाठी अशी लढाई कोण लढणार?

आपल्या गावची चप्पल तर सर्वांच्या तोंडी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक निर्देशन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा आपण खूप संतापलो. पण त्या कंपनीने चपलेला ‘कोल्हापुरी’ म्हटलेलेच नव्हते. भौगोलिक निर्देशन नावाचे रक्षण करते, घाटाचे नव्हे. कायद्याचे कवच कशावर आहे आणि कशावर नाही, हे न पाहता आपण निर्धास्त राहतो आणि मग रागावतो.

तेव्हा एकस्व घ्यायचे की नाही, हा वाद मला दुय्यम वाटतो. ते कोणाच्या हाती राहते आणि कोणत्या अटींवर दुसऱ्याला दिले जाते, हा खरा प्रश्न होय. १९२३ साली बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघांनी इन्सुलिनवरील आपला हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलर घेऊन देऊन टाकला. विद्यापीठाने तो जवळ ठेवला, तो दुसऱ्या कोणी मक्तेदारी करू नये म्हणून. पेटंटचा हा उपयोग आपल्या चर्चेत क्वचितच येतो.

अमेरिकेने १९८० साली बे-डोल कायदा करून सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेऊ दिली. त्याच धर्तीचे विधेयक आपल्याकडे २००८ साली राज्यसभेत आले. त्यावर बरीच टीका झाली आणि त्याचा कायदा झाला नाही. परंतु कायदा झाला नाही तरी त्यामागचा विचार मागच्या दाराने विद्यापीठांत शिरला आहे. संस्थांच्या राष्ट्रीय मानांकनात पेटंटना गुण आहेत, आणि जेथे गुण आहेत तेथे आम्ही प्राध्यापक कसे वागतो, हे मी आपणांस सांगायला नको! अर्ज दाखल केल्यावर अठरा महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो. विनंती केली तर त्याआधीही होतो. प्रसिद्ध होणे म्हणजे कोणी तपासून मान्यता देणे नव्हे. तरीही ‘पेटंट प्रसिद्ध’ झाल्याबद्दल शाल-श्रीफळ दिले जाते. शैक्षणिक संस्थांना शुल्कात २०२१ पासून ऐंशी टक्के सवलत मिळते. तिचे मी स्वागत करतो, पण स्वस्त झालेला अर्ज म्हणजे उपयोगी पडलेला शोध नव्हे.

उपयोग झाला की नाही हे पाहण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे. न्यायमूर्ती अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालातून जो १९७० चा पेटंट कायदा आला, त्याचे सूत्रच असे की मक्तेदारी मिळाली तर माल देशात बनला पाहिजे, लोकांना परवडला पाहिजे. म्हणून पेटंटधारकाने पेटंटचा वापर झाला की नाही याचे निवेदन द्यावे लागते. पूर्वी ते दरवर्षी द्यावे लागे, २०२४ च्या नियमबदलानंतर तीन वर्षांतून एकदा. या ढिलाईविषयी कोणत्याही विद्यापीठाच्या अधिसभेत कोणी तक्रार केल्याचे माझ्या कानावर नाही. याच कायद्यातील सक्तीच्या परवान्याच्या कलमाखाली २०१२ साली बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध बनविण्याची मुभा नॅटको या भारतीय कंपनीला मिळाली आणि महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचे औषध आठ हजार आठशेवर आले. कलम तेच, कायदा तोच; वापरणारा हवा.

आता एक घरची गोष्ट. माझ्या परिचयाच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने फाउंड्रीतील जळकी वाळू पुन्हा वापरता यावी यासाठी एक रीत शोधली. संस्थेने अर्ज केला, पेटंट मिळाले, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. पेटंट जिवंत ठेवण्यासाठी वर्षाच्या वर्षाला शुल्क भरावे लागते. ती फाईल या मेजावरून त्या मेजावर फिरत राहिली, मुदत गेली आणि पेटंट गेले. दरम्यान मी उद्यमनगरातील एका कारखानदाराला, माझ्याच जुन्या विद्यार्थ्याला, या रीतीविषयी विचारले. वाळू टाकायची कुठे या चिंतेने तो त्रस्त होता. तो म्हणाला, “सर, पेपरात वाचलं होतं. पेटंट म्हणजे आम्ही ते वापरायचं नाही, असंच ना?” त्याचे काही चुकले नव्हते. पेटंटचा एवढाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाची मालकी विद्यापीठाकडे राहावी. परवाना सहसा एकाच कंपनीला देऊ नये. जिल्ह्यातील लहान कारखाने आणि सहकारी संस्था यांना तो नाममात्र शुल्कात मिळावा, मोठ्या उद्योगाकडून पुरेपूर मोल घ्यावे, आणि परवाना घेऊन दडपून ठेवणाऱ्याकडून तो काढून घेण्याची अट करारात असावी. संशोधकाला आणि त्याच्या हाताखाली राबणाऱ्या विद्यार्थ्यालाही वाटा मिळावा. विद्यार्थ्याचे नाव अर्जात शेवटी असते, कधी नसतेच. सहकाराला हे जमणार नाही असे कोणी म्हणू नये. मांजरीची वसंतदादा साखर संस्था १९७५ साली ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनीच उभी केली. संशोधनासाठी पैसा देणारा आणि संशोधन वापरणारा तेथे एकच आहे. सहकारातील दोष मी जन्मभर मोजत आलो आहे, पण हे त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

वाणांच्या बाबतीत तर २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देण्याघेण्याचा हक्क दिलेला आहे; ब्रँडचे नाव लावून ते विकता येत नाही, एवढेच. तरीही २०१९ साली पेप्सिको कंपनीने बटाट्याच्या एका वाणावरून गुजरातेतील शेतकऱ्यांवर कोटीच्या वरचे दावे लावले आणि गदारोळ झाल्यावर मागे घेतले. उद्या पाडेगावच्या वाणावर विद्यापीठानेच मिळकतीच्या मोहाने असे काही केले तर? आज तसे घडलेले नाही. परंतु ‘स्वतःचा निधी स्वतः उभारा’ असे विद्यापीठांना वर्षानुवर्षे सांगत राहिल्यावर त्यांचे हात कोठे जातील, याची कल्पना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला करता आली पाहिजे.

येथे येताना मी संयोजकांना विचारले की आजच्या सभेला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथून कोणी आले आहे काय? ऊस उत्पादक कोणी आहे काय? त्यांना निमंत्रणच गेले नव्हते, असे कळले. पुढची सभा एखाद्या फाउंड्रीच्या शेडमध्ये, पाळी सुटल्यावर घ्यावी, अशी माझी सूचना आहे. खुर्च्या कमी पडल्या तर प्राध्यापकांनी उभे राहावे.