खुंटीवरचा पट्टा



आमच्या घरी दाराआडच्या खुंटीवर कमरेचा एक पट्टा टांगलेला आहे. काळा, रुंद, पाठीच्या बाजूला कांबी शिवलेल्या. आज मी त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

तो मी माझ्यासाठी आणला होता. दिवसा कारकुनी, रात्री कविता. दोन्ही उद्योग बसूनच करायचे. एके दिवशी कंबर धरली. मित्र म्हणाले, पट्टा लावा. लावला, आणि खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पोट आवळलं जातं, ऊब मिळते, वाकण्याला आपोआप लगाम बसतो. फक्त नमाजच्या वेळी पंचाईत व्हायची. रुकूत वाकलो की पट्टा पोटात रुतायचा. म्हणून तेवढ्यापुरता तो काढू लागलो, तेव्हा कळलं की पट्ट्याशिवाय मला भीती वाटते. दुखण्यापेक्षा भीतीच मोठी झाली होती.

डॉक्टर म्हणाले, "पोटाचे आणि पाठीचे स्नायू हाच तुमचा खरा पट्टा. त्यांना काम द्या." मग सकाळी चालू लागलो, सांगितलेले व्यायाम केले, खुर्चीतून अधूनमधून उठू लागलो. पट्टा खुंटीवर गेला.

माझा धाकटा भाऊ हमाली करतो. आमचे अब्बाही हमालच होते. कमरेला जुन्या कापडाचा पटका आवळून ते पाठीवर गोणी घेत. एकदा भावाची नजर खुंटीकडे गेली. "भाई, तुम्ही वापरत नाही तर मी नेऊ?" मी खुशीनं दिला. पंधरा दिवसांनी तो म्हणाला, "आता चार गोणी जास्त उचलतो. पट्टा आहे ना!" मी हसलो. तेव्हाच त्याला थांबवायला हवं होतं.

पुढे एक दिवस पन्नास किलोची गोणी उचलताना त्याची कंबर धरली. दीड महिना तो घरी होता. हातावरचं पोट, त्यामुळे दीड महिना कमाई बंद.

मग मी वाचू लागलो. ओझी उचलणाऱ्या कामगारांना पट्ट्यामुळे दुखापत टळते का, याचा अमेरिकेत मोठा अभ्यास झाला होता. 160 दुकानांतल्या नऊ हजारांहून अधिक कामगारांची त्यात पाहणी झाली. 2000 साली निष्कर्ष आला, की पट्ट्यामुळे पाठीच्या दुखापती किंवा दुखणं कमी झाल्याचं दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 साली कंबरदुखीबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. जुनाट कंबरदुखीवर नेहमीचा उपाय म्हणून पट्टा देऊ नये, असं त्यांत म्हटलं आहे. व्यायामाला मात्र त्यांत स्थान आहे.

याचा अर्थ पट्टा फेकून द्या, असा नाही. मणक्याला इजा झाली असेल, शस्त्रक्रिया झाली असेल आणि डॉक्टरांनी सांगितला असेल, तर त्यांनी सांगितले तेवढे दिवस जरूर बांधा. आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, जांघेतली जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर पट्टा शोधत बसू नका. तडक इस्पितळ गाठा.

माझ्या मनातला काटा वेगळाच आहे. मी भावाला पट्टा दिला, पण त्याच्या पाठीवरचं ओझं किती आहे, हे कधी विचारलं नाही. पट्टा माणसाला बांधतात, गोणी होती तेवढीच राहते. महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. हमालाच्या कष्टाला नोंद, मजुरीला हिशेब आणि म्हातारपणाला भविष्य निर्वाह निधीचा आधार मिळावा, अशी सोय त्यातून झाली. माझा भाऊ मात्र अजून कुठल्याच नोंदीत नाही.

तो आता पुन्हा कामावर जातो. चौघांनी मिळून एक जुनी ढकलगाडी घेतली आहे आणि जड गोणी दोघांनी मिळून उचलायची, असं ठरवलं आहे. मजुरी गोणीमागे मिळते, म्हणून प्रत्येकाच्या हाती दोन पैसे कमी येतात. गोदामाचा मालक ते भरून द्यायला तयार नाही. बोलणी चालू आहेत. भावाचा नोंदणीचा अर्ज मी स्वतः लिहून दिला आहे. कवितेपेक्षा त्याला जास्त वेळ लागला.

पट्टा त्यानं परत आणून दिला. पुन्हा त्याच खुंटीवर आहे. पाहुणे विचारतात, हा कशाला ठेवलाय? मी म्हणतो, आठवणीसाठी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)