मुका पडदा आणि जिवंत वाणी



सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळजवळ पिंगुळी नांवाचें गांव आहे. तेथील चित्रकथी रामायण-महाभारतांतील प्रसंगांचीं चित्रें एकामागून एक पुढें ठेवतो आणि वाद्यांच्या साथीवर ती कथा गाऊन-बोलून सांगतो. चित्र मुकें असतें. त्याला वाचा फुटते ती सांगणाराच्या कंठांतून. ही रीति ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना मी आज ज्या जपानी चित्रपटाविषयीं बोलणार आहें त्याचें मर्म सहज उमगेल.

मूकपटांच्या काळीं जपानांतील चित्रगृहांत पडद्याच्या बाजूला एक निवेदक असे. त्याला ‘बेन्शी’ म्हणत. पात्रांचीं भाषणें तो निरनिराळ्या आवाजांत बोले, प्रसंगाचें वर्णन करी, मध्येंच आपलें भाष्यही करी. खालीं वादकांचा ताफा असे. कित्येक प्रेक्षक चित्रपटाचें नांव न पाहतां आज कोणता बेन्शी बोलणार हें पाहून तिकीट काढीत. आपल्याकडे जसें कीर्तनकाराच्या नांवावर देऊळ भरावें, तसाच हा प्रकार होता.

अशा काळांत, १९२६ सालीं, तेइनोसुके किनुगासा ह्या दिग्दर्शकानें ‘कुरुत्ता इप्पेइजी’ म्हणजे ‘वेडाचें एक पान’ हा चित्रपट काढला. किनुगासा पूर्वी स्त्रीभूमिका करणारा नट होता. कथेच्या कामीं त्याला नव्या पिढीच्या साहित्यिकांचें साहाय्य होतें. त्यांत यासुनारी कावाबाता हे होते, ज्यांना पुढें १९६८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. कथा थोडक्यांत अशी : एका खलाशानें बायकोची हेळसांड केली. ती वेडी झाली. पश्चात्तापानें तो म्हातारा तिच्याच वेड्यांच्या इस्पितळांत झाडलोटीची चाकरी धरून राहतो. इकडे मुलीचें लग्न ठरत आलें आहे, आणि आईचें वेड उघडकीस आल्यास तें मोडेल ही भीति आहे. म्हाताऱ्याच्या स्वप्नांत अखेर तो सर्व वेड्यांच्या तोंडांवर ‘नो’ नाटकांतील हंसरे मुखवटे चढवितो.

ही कथा सांगतांना किनुगासानें पडद्यावर एकही शब्द लिहिला नाहीं. इतर मूकपटांत असतात तशा अक्षरांच्या पाट्या येथें नाहींतच. आरंभीं मुसळधार पाऊस कोसळत आहे आणि भव्य रंगमंचावर एक नर्तकी नाचत आहे. पाहतां पाहतां कळतें कीं ती कोठडींतील वेडी मुलगी आहे. तिच्या कानांत घुमणारे ढोल व कर्णे आपल्याला दिसतात, पण ऐकूं येत नाहींत. ध्वनीची एवढी तहान लागलेला दुसरा मूकपट माझ्या पाहण्यांत नाहीं!

मग ही तहान भागविली कोणीं? तोकियोंतील मुसाशीनोकान ह्या, पाश्चात्त्य चित्रपटांसाठीं नांवाजलेल्या चित्रगृहांत हा चित्रपट लागला, तेव्हां बाजूला मुसेई तोकुगावा हा ख्यातनाम बेन्शी बोलत होता. येथें कोणी आक्षेप घेईल : शब्द नकोत म्हणून पाट्या काढल्या, मग बोलणारा माणूस कशाला? मला वाटतें, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. छापलेली पाटी चित्राचा प्रवाह तोडते आणि दररोज तेंच सांगते. जिवंत वाणी चित्राच्या बरोबरीनें चालते. समोरच्या श्रोत्यांचा श्वास ओळखून ती थांबते, चढते, प्रसंगीं मौनही धरते. म्हणून असा खेळ त्या एका रात्रीचा असतो.

परंतु हेंच त्याचें दुर्दैवही ठरलें. १९३१ सालापासून जपानांत बोलपट रुजूं लागले आणि बेन्शींच्या पोटावर पाय आला. त्यांनीं संप केले, पण काळ मागें फिरला नाहीं. पुढें जगप्रसिद्ध झालेले दिग्दर्शक अकिरा कुरोसावा ह्यांचे वडील बंधु हेइगो हेही बेन्शीच होते. १९३३ सालीं त्यांनीं आत्महत्या केली. मुसेई तोकुगावाला मात्र दुसरें व्यासपीठ लाभलें : नभोवाणीवरील कथावाचनानें तो घरोघर पोहोंचला.

आणि चित्रपट? तो हरवलाच असें सर्व समजत असतां १९७१ सालीं किनुगासाला त्याची प्रत स्वतःच्याच कोठारांत सांपडली. मूळापेक्षां ती आंखूड होती. त्यानें तिला संगीताची जोड दिली. निवेदन घातलें नाहीं. १९२६ सालीं मुसेईनें उच्चारलेले शब्द कोणत्याच कोठारांत नव्हते. चित्रपट सांपडला असें आपण म्हणतों. खरें पाहतां त्याचा अर्धा भागच सांपडला. अलीकडे वादक आणि निवेदक प्रेक्षकांसमोर त्याला पुन्हां साथ करतात. ती मुसेईची वाणी नव्हे, हें त्यांनाही ठाऊक असतें. पण रिकामी जागा रिकामी न ठेवण्यांत कलेचा धर्म आहे.

पिंगुळीचीं जुनीं चित्रें पेटींत जपून ठेवतां येतील. तीं बोलकीं करणारा कंठ पेटींत राहत नाहीं; तो जोंवर आहे तोंवर त्याच्यासमोर जाऊन बसावें लागतें.